गुंजनबाबांच्या पेटीतले जावई

गुंजनबाबांनी जीभ बाहेर काढली आणि मास्टरांच्या शिलाईच्या कारखान्यात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता पसरली. तसं पाहिलं तर तिथे दिवसभर टाचण्याच पडत असतात, कोणी कान देत नाही.

जिभेवर मधमाशी होती. चांगली अंगाने भरलेली, गुबगुबीत. ती जिभेच्या टोकापर्यंत चालत आली, तिथे थांबून तिने पंख झटकले, मग मागे वळली आणि बाबांच्या मिशीत शिरली. सातही मशिनं बंद होती. दारात, खिडकीत, जिन्याच्या पायऱ्यांवर माणसंच माणसं.

"चावली नाही!" इस्त्रीवाला ओरडला. त्याच्या हातातली इस्त्री एका पँटवर तशीच राहिली होती, पण पँटीकडे बघायला वेळ कोणाला?

"कशी चावेल?" बाबा म्हणाले. जीभ आत गेल्यामुळे आता त्यांना बोलता येत होतं. "मधमाशी म्हणजे फुलाची लेक. तिला खोटं सहन होत नाही. खोट्या माणसाच्या घामाला एक वास असतो, बाळांनो. तो तुम्हाला येत नाही. मला थोडा येतो. माशीला पुरता येतो!"

"पुरता येतो," गर्दी पुटपुटली.

"सच्च्याला स्पर्श, चोराला डंख! परवा शुक्रवारी चार वाजता इथे काम करणाऱ्या प्रत्येकाचा हात या पेटीत जाईल. ज्याने बटणं घेतली असतील त्याने आत्ताच सांगावं. नाहीतर माशी सांगेल."

पेटी काळ्या लाकडाची, हातभर लांब. पुढच्या बाजूला हात जाईल एवढं भोक आणि त्या भोकाला शिवलेली कापडी बाही. आतून घूं घूं आवाज येत होता. समोर उभ्या असलेल्या मास्टरांनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, हात जोडलेले होते; बाबांना त्या सकाळी त्यांनीच बोलावलं होतं.

भानगड सहा बटणांची होती. एका गिऱ्हाइकाने आजोबांचा जुना कोट उसवून नव्याने शिवायला दिला होता. त्याची बटणं सोन्याची. मंगळवारी मास्टरांनी ती उतरवून ठेवली आणि मंगळवारीच ती गायब झाली. बटणं म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा काजबटणवाल्या ताईंकडे गेल्या, कारण वीस वर्षं त्या तिथे काजं आणि बटणंच करत होत्या. हाच न्याय लावायचा तर गावात हरवलेला प्रत्येक चष्मा माझ्या नावावर पडायला हवा.

हो, मी चष्मेवाला. माझं दुकान कारखान्याला लागूनच आहे. माझा स्वभाव मुळात तिरसट, आणि चमत्कार म्हटलं की तो आणखी तिरसट होतो. त्या दिवशी मी फक्त हसायला म्हणून गेलो होतो. बाबा एक माशी तळहातावर घेऊन गर्दीतून फिरत माझ्यासमोर आले आणि माझं हसू जागीच विरलं.

मी चेहरे विसरतो, पण स्वतः दुरुस्त केलेली फ्रेम विसरत नाही. बाबांच्या गोल चष्म्याच्या डाव्या दांडीत स्टीलचा स्क्रू होता आणि उजव्या दांडीत पितळेचा. तो पितळेचा मीच घातला होता, कारण त्या दिवशी स्टीलचे संपले होते. मग मी माशीकडे पाहिलं. तिचे डोळे इतके मोठे होते की डोक्याच्या माथ्यावर एकमेकांना भिडले होते. माझा धंदाच डोळ्यांचा. ती माशी नव्हती, तो माशा होता. आणि तो आमच्या घरचा होता.

आता हे 'आमच्या घरचं' प्रकरण सांगणं भाग आहे. मी घरजावई. दुकान पुढे, मागे सासूबाईंचं घर, त्याच्यामागे परस. सासूबाई पस्तीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर माणसांना टोचणं बंद झालं, म्हणूनच की काय, त्यांनी परसात मधमाश्यांच्या चार पेट्या आणून ठेवल्या. पेटीत एक राणीमाशी असते, हजारो कामकरी माश्या असतात आणि काहीशे नर. कामकरी माश्या मध आणतात, पोळं बांधतात, पिल्लं सांभाळतात, दारावर पहारा देतात. नर यातलं काही करत नाही. भूक लागली की तो कामकरी माशीपुढे तोंड करतो आणि ती त्याला भरवते. दुपारी ऊन चढलं की मोठ्याने गुणगुणत एखादी नवी राणी भेटते का बघायला बाहेर पडतो. बहुतेक वेळा भेटत नाही. मग दिवस कलायच्या आत जेवायला घरी हजर.

सासूबाई त्यांना 'जावई' म्हणतात.

शेजारणी बसलेल्या असताना मी घरात शिरलो की त्या विचारायच्या, "आलात का जावईबापू? बाकीचे जावई आले का परत?" बायकोची नोकरी परगावी, ती रविवारी येते. त्यामुळे आठवड्यातले सहा दिवस हे मला एकट्यालाच ऐकावं लागायचं.

अशात दोन आठवड्यांपूर्वी एक माणूस दुकानात आला. दाढ दुखते म्हणून तोंडाला मफलर गुंडाळलेला. चष्म्याचा स्क्रू बसवून घेतला, मागच्या दारातून परस पाहिलं आणि म्हणाला, "त्या मोठ्या माश्या थोड्या मिळतील का? औषधाला हव्यात." मी म्हणालो, "थोड्या कशाला? सगळे न्या!" तो रोज संध्याकाळी फिरून आलेले नर पेटीच्या दारातच टिपायचा आणि काड्यापेटीत भरून न्यायचा. रोज नवे लागायचे, कारण भरवायला कोणी नसलं की नर दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ क्वचित बघतो. रोज इतके जावई घराबाहेर जाताना पाहून मला जो आनंद व्हायचा, तो घरजावयालाच कळेल.

आणि नराला नांगीच नसते. तो चावूच शकत नाही. बाबांच्या जिभेवरचा चमत्कार एवढाच होता, आणि त्याचा माल माझ्याच मागच्या दारातून जात होता.

मी घरी जाऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या स्टुलावर बसून पेटीची चौकट खरवडत होत्या.

"म्हणजे माझे सगळे जावई तुम्ही वाटून टाकलेत," त्या म्हणाल्या. "एक सोडून."

"आई, चेष्टा नंतर करा."

"बरं. जिभेवर बसतात ते नर. मग चोराला चावणार ते कोण? त्याने बारीक माश्याही नेल्या का?"

मला आठवलं. "आजच पहिल्यांदा मागितल्या. म्हणाला, आता शुक्रवारी दोन्ही जातीच्या लागतील."

"मग पेटीला दोन कप्पे असणार. सच्च्यासाठी एक, चोरासाठी एक. चोर कोण, ते मास्टरांना आधीच विचारून ठेवलं असेल." त्यांनी पटाशी खाली ठेवली. चेष्टेचा सूर गेला. "जावईबापू, त्या मुलीला माशी चावून चालणार नाही."

मग मलाही ते आठवलं. दोन वर्षांपूर्वी काजबटणवाल्या ताई मध न्यायला परसात आल्या होत्या, तेव्हा त्यांना एक माशी चावली. एकच. दहा मिनिटांत ओठ सुजले, घसा आवळला, श्वास लागेना. सासूबाईंनी इंजेक्शन दिलं आणि रिक्षात मांडीवर डोकं घेऊन दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा चावली तर याहून वाईट होऊ शकतं.

आम्ही दोघं ताईंच्या घरी गेलो. त्या खिडकीशी बसून कोणाच्या तरी सदऱ्याची काजं घालत होत्या. सासूबाईंनी समजावून सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि दोरा दातांनी तोडला.

"सिस्टर, तुम्ही माझा जीव वाचवलात, ते मी विसरले नाही. पण ती साधी माशी होती. ही बाबांची आहे."

"माशी माशीच असते गं. तिला कळत नाही तू कोण ते."

"मी बटणं घेतली नाहीत. मग मला का चावेल?" त्यांचा आवाज अगदी शांत होता. "आणि हात नाही घातला तर? म्हणजे मीच चोर. मग या गावात मला सुई कोण देईल? मला माशीची भीती नाही वाटत, सिस्टर. कालपासून मास्टर माझ्याकडे बघून बोलत नाहीत. त्याची वाटते."

मला भयंकर राग आला. स्वतःच्या खरेपणावर या बाईचा एवढा भरवसा, आणि तोच भरवसा तिला मारायला निघालेला. रागाचा मोठा वाटा माझ्या स्वतःच्या वाट्याला होता, हेही सांगून टाकतो.

तिथून मी मास्टरांकडे गेलो. मास्टर माणूस वाईट नाही. सोमवारीच त्यांनी माझ्याकडून नवा चष्मा नेला होता. जुन्या चष्म्याची डबी उघडली तर आत टाचण्या, खडूचा तुकडा, दोन हुक. शिंप्याच्या डबीत चष्मा सोडून सगळं असतं. मी म्हटलं होतं, "ही डबी फेकून द्या आता." तर म्हणाले, "पंधरा वर्षांची सवय आहे हो," आणि दोन्ही डब्या घेऊन गेले. असा मायाळू माणूस, पण त्या दिवशी ऐकायला तयार नव्हता.

"चष्मेवाले, आधी तुम्ही जिभेवर माशी ठेवून दाखवा. मग बोला."

ठेवता आली असती. पण 'त्या माश्या माझ्याच परसातल्या आहेत' हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. दुसऱ्याच्या अंधश्रद्धेवर तोंडसुख घेणं सोपं असतं. स्वतःचा मूर्खपणा कबूल करायला जास्त हिंमत लागते. मी खाली मान घालून परत आलो.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मफलर हजर. या वेळी काखेत ती काळी पेटी. सकाळी नर बाहेर पडत नाहीत, आत पोळ्यावर बसून असतात. त्यांना काढायचं तर मधपेटी उघडावी लागते, आणि मधपेटीला सासूबाई कोणाला हात लावू देत नाहीत.

"ठेवून जा," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "तासाभराने भरून देते."

मफलर घुटमळला. "मोठ्या डाव्या कप्प्यात, बारीक उजव्या कप्प्यात. अदलाबदल नको हं. औषधाचं प्रमाण चुकतं."

"प्रमाण चुकून कसं चालेल? बरं, तुम्हाला स्वतःला माशी चावली तर काही त्रास होतो का? अंगावर गांधी, दम लागणं?"

"मला? लहानपणी मध काढायला जायचो. शंभर डंख खाल्ले असतील. काही होत नाही."

"छान," सासूबाई म्हणाल्या. इंजेक्शन देण्याआधी त्या नेमक्या याच आवाजात 'छान' म्हणत असत.

तो गेल्यावर आम्ही पेटी उघडली. मधोमध पडदी, तिच्या दोन बाजूंना दोन कप्पे आणि तळाला एक लाकडी खिटी. खिटी डावीकडे ढकलली की डावा कप्पा भोकासमोर यायचा, उजवीकडे ढकलली की उजवा. वरून काही दिसत नव्हतं, फक्त बारीक छिद्रं. सासूबाईंनी दहा कामकरी माश्या डाव्या कप्प्यात सोडल्या. उजव्या कप्प्यात चोवीस नर. प्रत्येक नर आधी काचेच्या नळीत घेऊन मी भिंगाखाली पाहिला. डोळे माथ्यावर भिडले असतील तरच आत. आयुष्यात इतकी काळजीपूर्वक नेत्रतपासणी मी कोणाची केली नव्हती.

"पण आई, प्रमाण उलटं झालं."

"वय झालं माझं," सासूबाई म्हणाल्या. "डावं-उजवं कळत नाही."

चार वाजता कारखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कामगार ओळीने उभे. ताई ओळीत शेवटी, धुतलेल्या साडीत, हात कोपरापर्यंत साबणाने स्वच्छ केलेले. सासूबाई इंजेक्शनची पिशवी मांडीवर घेऊन अगदी पुढे बसल्या होत्या.

"चोराच्या मनात चांदणं!" बाबांनी आरोळी दिली. "पण माशीच्या मनात सूर्य! आधी कोणाचा हात? आधी माझा! गुरूने आधी उडी घ्यायची असते."

त्यांनी पेटीवर तीन दणदणीत थापा मारल्या. थापा कशासाठी ते मला आता कळत होतं. आतल्या माश्या चिडायला हव्यात ना! मग पेटी सरळ करण्याच्या निमित्ताने बोट खाली गेलं, खिटी डावीकडे सरकली आणि बाबांनी बाहीतून कोपरापर्यंत हात आत घातला.

पहिल्या डंखाला बाबा नुसते हसले, मात्र हसू एका बाजूला गेलं. दुसऱ्याला मंत्र सुरू झाला. तिसऱ्याला तो वरच्या पट्टीत गेला. चौथ्याला मंत्र संपून "अयाया, मेलो!" सुरू झालं, आणि ते मात्र कोणत्याही पोथीतलं नव्हतं. बाबांनी हात ओढून काढला, तशी सासूबाईंनी झडप घालून बाहीचं तोंड मुठीत धरलं. एकही माशी बाहेर येऊ दिली नाही.

इस्त्रीवाला ओरडला, "चोर सापडला!"

"बाबाच चोर! माशीने सांगितलं!"

"धरा त्याला! काढ बटणं!"

मी कपाळावर हात मारला. बाबा खोटा पडला होता, पण त्याचा चमत्कार मात्र शाबूत होता. उलट आणखी पक्का झाला होता. दोघांनी बाबांची दाढी धरली. आणि या गोंधळात ताई ओळीतून पुढे आल्या, पेटीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, हात काढा. माझी पाळी येऊ दे. सगळ्यांसमोर एकदाच काय ते होऊ दे."

खिटी अजून डावीकडेच होती.

"हात मागे घ्या!" मी इतक्या जोराने ओरडलो की दाढी धरणाऱ्यांनीही दाढी सोडली. मी टेबलावरून उडी मारून ताई आणि पेटी यांच्यामध्ये उभा राहिलो. "या माश्या माझ्या आहेत! म्हणजे सासूबाईंच्या. पण दिल्या मी!"

मग जे दोन दिवस सांगता आलं नव्हतं ते सगळं सांगितलं. मफलर, काड्यापेट्या, पितळी स्क्रू. स्वतःची लाज स्वतः काढली. खिटी उजवीकडे सरकवली, पेटीवर तीन थापा मारल्या आणि बाहीत हात घातला. चोवीस नर हातावरून गुणगुणत फिरले. चावला एकही नाही.

"मी काल गिऱ्हाइकाशी दोनदा खोटं बोललोय," मी म्हणालो. "चष्मा उद्या मिळेल म्हणून. घामाचा वास आला का कोणाला?"

मी एक नर काढून इस्त्रीवाल्याच्या तळहातावर ठेवला. तो आधी किंचाळला, मग थांबला, मग कोणी सांगायच्या आत त्याने तो जिभेवर ठेवून पाहिला. पुढच्या पाच मिनिटांत अर्ध्या कारखान्याच्या जिभा बाहेर होत्या. सासूबाई पेटीचे कप्पे आणि खिटी सगळ्यांना दाखवत होत्या आणि मधूनच ओरडत होत्या, "दाबू नका माझ्या जावयांना!"

मास्टर खुर्चीत बसले. "मग हा चोर नाही?"

"हा ठग आहे. त्याचं काय करायचं ते पोलीस बघतील. पण बटणं याने घेतली याला पुरावा काय? मंगळवारी हा इथे आलाच नव्हता. त्याला माशी चावली म्हणून तो चोर, असं म्हणायचं असेल तर ताईंचा हातही पेटीत घाला. दोन्हीत फरक काय? माशीला नांगी असली की ती चावते, नसली की चावत नाही. कोणी काय चोरलं हे तिला विचारायचं नसतं. ते आपण शोधायचं असतं."

"मग बटणं कुठायत?" मास्टर अगतिकपणे म्हणाले.

"शोधली का?"

"शोधली की! जिथे ठेवली ती नव्या चष्म्याची डबी दहा वेळा उघडून पाहिली."

"आणि जुनी?"

मास्टर हळूच उठले आणि कापायच्या टेबलाचा खालचा ड्रॉवर ओढला. जुनी डबी उघडल्याचा टक् असा आवाज सगळ्यांना ऐकू आला. टाचण्या, खडूचा तुकडा, दोन हुक आणि सहा बटणं. पंधरा वर्षांच्या सवयीने हात जिथे जायचा तिथेच गेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कोपऱ्यात सासूबाई बाबांच्या हातातल्या नांग्या नखाने खरवडून काढत होत्या आणि बाबा लहान मुलासारखे मुसमुसत होते.

मास्टर डबी घेऊन ताईंसमोर आले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी ताईंकडे पाहिलं. हात जोडायचा प्रयत्न केला, पण हातात डबी होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "वीस वर्षांत एक सुई कमी झाली नाही तुमच्याकडून. मी काय म्हणून..."

ताईंनी बटणं मोजली नाहीत, डबीला हातही लावला नाही. साबणाने धुतलेले ते हात त्यांनी पदराला पुसले.

"मास्टर," त्या म्हणाल्या, "माझा हात पेटीत घालायला निघालात, त्याच्या आधी तुमचा हात ड्रॉवरमध्ये घालायचा होता."

आणि त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या, दिवा पुढे ओढला आणि उरलेलं काज पुरं करायला लागल्या.